गेंजी मोनोगातारी: हिरो डोक्यात जातोय, पुस्तक सुटत नाहीये

ओसरीवरची (धागाकर्ती)

तर मंडळी, सध्या गेंजी वाचतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ही जपानच्या हेइआन काळातली दरबारी कादंबरी, ५४ प्रकरणं, मध्ये मध्ये पेरलेल्या जवळजवळ ८०० कविता, लिहिणारी मुरासाकी शिकिबू, जी सम्राज्ञी शोशीच्या पदरी होती, आणि काळ १००८ च्या आसपासचा, कारण त्या वर्षीच्या तिच्या डायरीत या पुस्तकाचे उल्लेख सापडतात. हिरो म्हणजे बादशहाचा मुलगा, पण आईकडचं कुणी मागे उभं राहणारं नाही म्हणून राजघराण्यातून काढून सरदार केलेला. देखणा, गातो, नाचतो, चित्रं काढतो, अक्षर असं की चिठ्ठी बघूनच बायका घायाळ. आणि बायकांच्या बाबतीत, काय सांगू, डोक्यात जातो.

सावत्र आईपासून मूल, जे बादशहाचं म्हणून वाढतं आणि पुढे गादीवरही बसतं. दुसऱ्याची बायको उत्सुसेमी, ती अंगावरचं वस्त्र मागे टाकून निसटली तर हा तिथे झोपलेल्या तिच्या सावत्र मुलीपाशीच, की आता आलोच आहे तर. ओबोरोझुकियोला अंधारात धरतो आणि वर ऐकवतो की मला सगळीकडे मोकळीक आहे, कुणाला हाक मारून उपयोग नाही. आणि पाचव्या प्रकरणात ती दहा वर्षांची पोर, टोपलीखाली झाकून ठेवलेलं चिमणीचं पिल्लू कुणीतरी सोडून दिलं म्हणून रडत येते, कुंपणातून तिला बघून हा १८ वर्षांचा गडी ठरवतो की हिला न्यायचं आणि आपल्याला हवी तशी घडवायची. बाप न्यायला येणार हे कळल्यावर त्याच्या आधी पोचून उचलून आणतो सुद्धा.

कुणी वाचलंय का? कुठपर्यंत? मला दर प्रकरणात याच्या मुस्कटात मारावीशी वाटते आणि तरी रात्री झोपताना म्हणते अजून एक प्रकरण.

मधली_सुट्टी

मी त्या पिल्लाच्या प्रकरणाला पुस्तक मिटलं. आणि मिटलं ते बरंच केलं असं अजून वाटतं. 'त्या काळी असंच असायचं' हे कृपया कुणी सांगू नका, मला ते माहीत आहे, मी इतिहासच शिकवते. माझा प्रश्न वेगळा आहे, आज संध्याकाळी माझ्याकडे तासभर मोकळा असताना तो मी या माणसाच्या सहवासात का घालवू?

भोचक_भाऊ

अहो पण त्या काळी असंच असायचं ना :)
दिवे घ्या. पण खरंच, आपल्या पणज्यांची लग्नं कितव्या वर्षी झाली ते विचारा घरात. आजची फूटपट्टी लावली तर जुनं काहीच वाचायला उरणार नाही, सगळी महाकाव्यं रद्दीत.

मधली_सुट्टी

भाऊ, पणजीचं लग्न चारचौघांत लागलं होतं, तिला बापाला न सांगता रात्री गाडीत घालून नेलं नव्हतं. गेंजीने केलं ते त्या काळाच्या हिशेबानेही विचित्रच होतं, खुद्द कादंबरीत तिची आजी, दाई, सगळ्या चक्रावतात की हा माणूस एवढ्याशा पोरीची मागणी कसली घालतोय. त्यामुळे फूटपट्टी आजची नाही, त्यांचीच आहे.

बखरबहाद्दर

वाचनखूण साठवली.
थोडं अवांतर. आपल्याकडचा अलिबागजवळचा आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या लेखांमध्ये त्याची गणना होते, आणि त्यात आहे काय तर देवीसाठी दिलेलं दान आणि जो हे मोडेल त्याला गाढवाची शिवी. त्याच चारपाच वर्षांत तिकडे एक बाई ५४ प्रकरणांतून माणसांच्या मनात काय काय चालतं ते लिहीत बसली होती. मला गेंजीचा राग यायच्या आधी हेवाच वाटला.

पावशेर

शिवी निदान पटकन कळते. इथे पात्रांना नावंच नाहीत राव! जो तो हुद्द्याने. सुरुवातीला जो 'मध्यम सेनापती' तो पुढे बढती मिळून कुणीतरी 'मंत्री' होतो आणि जुन्या हुद्द्यावर त्याचा मुलगा येतो, आता कोण कुणाच्या कुंपणातून कुणाला बघतंय हे लक्षात ठेवायला मी वहीत वंशावळ काढली होती, ती वही घरच्यांनी वाण्याच्या यादीला वापरली. तिथे माझं गेंजीवाचन संपलं.

ओसरीवरची

पावशेर =))
नावं नंतरच्या वाचकांनी पाडलेली आहेत, बहुतेक त्या त्या बाईच्या कवितेतून किंवा प्रकरणातून. युगाओ म्हणजे संध्याकाळी फुलणारं ते वेलीवरचं पांढरं फूल, सुएत्सुमुहाना म्हणजे करडईचं फूल कारण बिचारीचं नाक लाल. खुद्द लेखिकेचं खरं नावही कुणाला माहीत नाही. टायलरच्या इंग्रजी भाषांतरात (२००१) हुद्दे तसेच ठेवलेत, साइडेनस्टिकरच्या (१९७६) भाषांतरात ती टोपणनावं जास्त आहेत, तुम्हाला ते झेपेल.

ओसाकाकर

इथे राहतो म्हणून थोडी भर. इथल्या शाळेत सगळ्यांना सुरुवातीचा उतारा शिकावाच लागतो, आणि आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचं होतं तसंच होतं, परीक्षेपुरतं पाठ आणि पुढे काही नाही. पण यामातो वाकीची 'आसाकियुमेमिशी' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९७९ पासून निघाली, ती मात्र पिढ्यान्‌पिढ्या पोरी वाचत आल्यात, कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला जुन्या जपानीचा पेपर असतो त्याची तयारी म्हणून सुद्धा. ऑफिसात विषय काढला की बायका लगेच आपली आवडती कोण ते सांगतात, गेंजी आवडतो असं म्हणणारी मला अजून भेटायची आहे. पुरुष मंडळी म्हणतात आम्ही नाही वाचलं.

२०२४ मध्ये एनएचके वाहिनीवर मुरासाकीच्या आयुष्यावर वर्षभर रविवारची मालिका चालली तेव्हा पुन्हा लाट आली होती. २००० येनच्या नोटेच्या मागच्या बाजूला गेंजीच्या चित्रगुंडाळीतलं दृश्य आणि कोपऱ्यात मुरासाकी आहे. नोट चलनात आहे पण कुणाच्या पाकिटात दिसत नाही, दिली तर दुकानदार दोनदा उलटसुलट करून बघतो.

निळी_शाई

मस्त धागा. मला यात सगळ्यात गंमत याची वाटते की आपण इथे जे करतोय ते हजार वर्षं चालूच आहे.

पहिली फॅन बघा. एका प्रांताधिकाऱ्याची मुलगी, लहानपण राजधानीपासून लांब, बहीण आणि सावत्र आई गेंजीतले तुकडे आठवतील तसे सांगायच्या आणि हिला चैन पडेना. तिने स्वतःच्या उंचीची भैषज्यगुरू बुद्धाची मूर्ती करवून घेतली आणि लपूनछपून तिच्यापुढे डोकं टेकायची, का, तर मला लवकर राजधानीत ने आणि सगळ्या कथा वाचायला मिळू देत. क्योतोला आल्यावर १०२१ मध्ये एका मावशीने पेटीभर गेंजी दिला, मग ही पडद्याआड आडवी पडून दिवसभर आणि रात्री दिवा जवळ ओढून वाचतेय, म्हणते सम्राज्ञीचं पद दिलं तरी मला याच्यापुढे नको. स्वप्नात एक भिक्षू येऊन सांगतो की सद्धर्मपुंडरीक सूत्राचा पाचवा खंड वाच, ती कुणाला सांगतही नाही आणि वाचतही नाही. आपण मोठ्या झालो की युगाओसारख्या नाहीतर उकिफुनेसारख्या सुंदर दिसू असं तिला वाटत असतं. म्हातारपणी 'साराशिना' आठवणी लिहिताना तिने स्वतःला या सगळ्याबद्दल चांगलंच झापलंय.

आणि साधारण १२०० चं 'मुम्योझोशी' हे पुस्तक. त्यात ८३ वर्षांची एक भिक्षुणी पडून ऐकतेय आणि काही बायका रात्रभर बोलतायत, गेंजीतलं कुठलं प्रकरण भारी, कुठली बाई आवडते, कुठल्या पुरुषाने कुठे माती खाल्ली. म्हणजे धागाच! आणि गेंजीबद्दल त्याही म्हणतात की याने असं केलं नसतं तर बरं असं वाटायला लावणाऱ्या जागा फार आहेत. काशिवागीला नुसत्या नजरेने मारलंन त्याबद्दलही बोलतात. तेव्हा मधली_सुट्टी, तुमची तक्रार ८०० वर्षं जुनी आहे आणि ती करणाऱ्या बायका गेंजीवर जीव टाकणाऱ्या होत्या.

मधली_सुट्टी

हे माहीत नव्हतं, छान आहे. पण त्या बायकांनी आधी संपूर्ण वाचलं आणि मग तक्रार केली. मला तेवढा धीर नाही.

भोचक_भाऊ

नजरेने मारलं म्हणजे? एवढं सांगून सोडू नका.

निळी_शाई

भाऊ, ते ३४-३५ व्या प्रकरणांत. गेंजी चाळिशीला टेकलेला, निवृत्त बादशहा आपली १४-१५ वर्षांची लाडकी मुलगी, तिसरी राजकन्या, त्याच्या गळ्यात मारतो. काशिवागी हा तरुण सरदार, अंगणात चेंडूचा खेळ चाललेला असतो, एक मांजर पळताना तिच्या दोरीने चिकाचा पडदा ओढला जातो आणि याला ती राजकन्या दिसते. तेवढंच. पुढे तो घरात शिरतो, तिला दिवस जातात, गेंजीला बैठकीखाली त्याचं पत्र सापडतं. आणि मग एका मेजवानीत गेंजी त्याच्याकडे बघून हसत काहीतरी टोमणा मारतो, नजर रोखून. तो घरी जाऊन अंथरूण धरतो ते उठतच नाही. मूल गेंजीला आपलं म्हणून मांडीवर घ्यावं लागतं. बापाशी आपण केलं तेच आपल्या ताटात, आणि बाप सगळं ओळखून गप्प तर बसला नव्हता ना हा विचार त्याला तिथे पहिल्यांदा येतो.

ओसरीवरची

माझ्या मनात होतं ते निळी_शाईने अर्धं सांगितलंच, पण मला मुरासाकीबद्दल बोलायचंय, म्हणजे त्या पळवून आणलेल्या मुलीबद्दल, लेखिकेला तिच्यावरूनच टोपणनाव पडलं.

नवव्या प्रकरणात ती १४ वगैरे वर्षांची, तोवर याला वडीलमाणूस समजून त्याच्याबरोबर अक्षर गिरवणारी, खेळणारी. आणि एका सकाळी तो लवकर उठून जातो आणि ती उठतच नाही. दासींना वाटतं बरं नसेल. तो उशाशी कविता ठेवून गेलेला असतो, ती उत्तर देत नाही, पांघरूण डोक्यावर ओढून घामाने केस चिंब, आणि मनात एकच, की असा हेतू असलेल्या माणसावर मी इतका विश्वास टाकला कसा. गेंजी मात्र बाहेर खुशीत, तिसऱ्या रात्रीच्या लग्नाच्या मोचीची, म्हणजे तांदळाच्या गोळ्यांची सोय करायला माणसाला हळूच सांगतोय. बाईने दोन्ही शेजारी शेजारी ठेवलंय आणि वर एक शब्द बोललेली नाही. लग्नाची गोड धांदल एकीकडे आणि ते ओलं डोकं एकीकडे.

मग वीसेक वर्षांनी ती राजकन्या घरात येते. पहिल्या तीन रात्री नवऱ्याने तिकडे जायचं, तर त्याचे कपडे सुगंधाच्या धुरावर धरायचं काम मुरासाकी स्वतः बघते. तिसऱ्या रात्री तो पहाटे बर्फातून परत येतो, दार वाजवतो, आणि आतल्या दासी झोपेचं सोंग घेऊन त्याला मुद्दाम थंडीत ताटकळत ठेवतात. मी इथे मोठ्याने हसले, घरातली माणसं बघायला आली काय झालं म्हणून.

आणि सगळ्यात वाईट पुढेच आहे. या कादंबरीत पुरुषाच्या आयुष्यातून बाहेर पडायचा बाईला एकच रस्ता आहे, केस कापून भिक्षुणी व्हायचं. मग बघा कोण कोण होतं. फुजित्सुबो, म्हणजे ती सावत्र आई. रोकुजो, त्याची एक प्रेयसी. उत्सुसेमी. ओबोरोझुकियो. तिसरी राजकन्या, ती तर बाळंतपण झाल्या झाल्या. शेवटी उकिफुने. एकेक करून सगळ्या दार लावून घेतात आणि हा बाहेर उभा. फक्त मुरासाकी परवानगी मागत राहते, आजारी पडल्यावरही मागते, आणि हा देत नाही, म्हणतो मी एकटा कसा राहू. ती तशीच मरते.

गेंजी वाईट आहे हे मला लेखिकेने सांगितलं म्हणून कळलं, माझ्या आधुनिक डोळ्यांची त्यात काही कमाल नाही, असं माझं म्हणणं आहे. पाचव्या प्रकरणात जो राग येतो तो तिने ४० व्या प्रकरणापर्यंत जपून ठेवलाय. आणि ती गेल्यानंतर ४१ व्यात वर्षभर हा नुसता झुरतो, तिची पत्रं जाळतो, मग 'ढगाआड' असं नुसतं शीर्षक असलेलं एक प्रकरण आहे ज्यात मजकूरच नाही, आणि त्याच्या पुढच्या पानावर गेंजी मेलेला. मरणाचा सीन सुद्धा दिला नाही त्याला!

सुमनताई

ओसरी, फार छान लिहिलंस गं. ते केसांचं वाचून मी थांबलेच. आपल्याकडे विधवेचे केस काढायचे ते तिला घरात कोंडायला, आणि तिकडे केस कापले की बाई सुटली. तिकडे पूर्ण मुंडणही नसायचं म्हणे, खांद्यापर्यंत ठेवायच्या. अर्थात आपल्याकडेही तो दुसरा रस्ता होताच, तेराव्या शतकात महदंबा, विधवा बाई, घर सोडून चक्रधरांच्या मागे गेली, तिला संन्यास मिळाला आणि तिने धवळे रचले. महानुभावांनी बायकांना दार उघडलं तेव्हा किती जणी गेल्या बघ.

मला मात्र मुरासाकीपेक्षा ती आकाशी गावची बाई जास्त लागली. गेंजी विजनवासात असतो तेव्हाची. मुलगी होते, पण आईचा दर्जा कमी, मुलीला पुढे राणी करायची तर तिला राजधानीत मुरासाकीच्या हाती वाढवायला द्यायची. बर्फ पडत असतो, ती तीन वर्षांची मुलगी आईची बाही धरून म्हणते तूही गाडीत ये ना. माझ्याच्याने त्या दिवशी पुढे वाचवलं नाही. आणि यात कुणी खलनायक नाही, आईच स्वतःच्या हाताने देते, हिशेब करून देते, आणि हिशेब बरोबरही निघतो, मुलगी सम्राज्ञी होते. पण ती युवराजाची बायको होऊन दरबारात जाईपर्यंत आई तिला बघू शकत नाही.

भोचक_भाऊ

+१ सुमनताई.
माझी फेव्हरिट रोकुजो. युवराजाची विधवा, हुशार, मानी, आणि गेंजी तिला झुलवत ठेवतो. कामोच्या मिरवणुकीला गाड्यांची गर्दी, गेंजीच्या बायकोचे नोकर रोकुजोची गाडी ढकलून मागे सारतात, टेकू मोडतात, आपल्याकडच्या पार्किंगच्या मारामाऱ्या बऱ्या. आणि मग तिचा आत्मा, ती जिवंत असताना बरं का, अंगातून निघून त्या बायकोला धरतो, तिला पत्ताच नाही. पत्ता लागतो कशाने, तर तिच्या स्वतःच्या कपड्यांना होमातल्या बियांचा वास यायला लागतो, तिकडे आजारी बाईच्या खोलीत भूत काढायला होमात टाकलेल्या. केस धुते, कपडे बदलते, वास जात नाही. भाषांतरात खसखस म्हणतात, मला वाचताना आमच्या घरची दृष्टीची मोहरी चुलीत तडतडल्यासारखी वाटली आणि काटा आला. तो होम सुद्धा आपल्याकडूनच गेलेला, बौद्ध धर्माबरोबर, तिकडे गोमा म्हणतात.

मधली_सुट्टी

वाचलं सगळं. सुमनताईंच्या बर्फाने जरा हलले हे कबूल. पण ओसरी, तुमचा मुद्दा मला अर्धाच पटतोय. लेखिकेला सगळं दिसत होतं, ठीक. मग दर दोन पानांनी हा किती तेजस्वी, याला बघून दासींच्या डोळ्यांत पाणी आलं, हे काय आहे? निंदा करायची तर नीट करावी. का मालकाचा धाक होता?

निळी_शाई

मालक होताच की. शोशीचा बाप मिचिनागा, त्या काळातला सगळ्यात ताकदवान माणूस, नातू गादीवर बसवायचा म्हणून मुली दरबारात देणारा. मुलीचं दालन गाजावं म्हणून तिथे लिहित्या बायका गोळा केलेल्या, कागद पुरवलेला. मुरासाकी डायरीत लिहिते की मी नसताना याने माझ्या खोलीत शिरून मसुदा उचलला आणि धाकट्या मुलीला दिला. एक हजार वर्षांपूर्वीची पायरसी.

पण मला नाही वाटत ते तेजस्वीपण भीतीपोटी आहे. तो खरोखर तेजस्वी आहे, त्रास त्याचाच आहे. सामान्य माणूस असता तर पहिल्याच दाराशी हाकलला असता. आणि तो कुणाला विसरत नाही, त्या लाल नाकवालीला सुद्धा पडक्या घरातून शोधून काढून सांभाळतो. बाकीचे पुरुष तेवढंही करत नाहीत, त्यामुळे दरबारातल्या वाचणाऱ्या बायकांना तो स्वप्नातला वाटला असणार. दोन्ही एकदम.

नीतीच्या चौकटीत बसवायचा प्रयत्न सगळ्यांनी करून झालाय. मध्ययुगात असं मानत की असल्या खोट्या शृंगारिक गोष्टी लिहिल्याबद्दल मुरासाकी नरकात पडली, तिच्यासाठी आणि तिच्या वाचकांसाठी वेगळे विधी करायचे, त्यावर 'नो' या जुन्या जपानी नाट्यप्रकारातलं नाटकसुद्धा आहे. त्याच काळात ११९३ च्या काव्यस्पर्धेत कवी शुनझेई म्हणतो की गेंजी न वाचलेला कवी म्हणजे खेदाची गोष्ट. १८ व्या शतकात मोतोओरी नोरिनागा हा पंडित म्हणाला की बाबांनो हे पुस्तक उपदेशाला लिहिलेलंच नाही, माणसाचं मन कशाने हलतं ते बघा, बरंवाईट नंतर. आणि १९३९ पासून कादंबरीकार तानिझाकीचं आधुनिक जपानी भाषांतर आलं तेव्हा त्यातून काय गाळलं, तर सावत्र आई आणि तिचं मूल, कारण बादशहाच्या वंशावर डाग. दहा वर्षांच्या मुलीवर कुणाचा आक्षेप नव्हता.

मधली_सुट्टी

हे शेवटचं वाक्य वाचून माझं बीपी वाढलं. बरं सांगा, मी सरळ ३४ व्या प्रकरणापासून वाचलं तर चालेल का? तरुण गेंजी मला नकोच.

ओसरीवरची

चालेल, पण त्याआधी नववं वाचा, रोकुजो आणि ती सकाळ दोन्ही त्यातच आहे, मग थेट ३४. आर्थर वेलीचं जुनं भाषांतर (१९२५ ते ३३) घेऊ नका असं नाही, त्याचं इंग्रजी फार सुंदर, पण त्याने ३८ वं प्रकरण उडवलंय आणि मोकळीकही बरीच घेतलीय. तुम्हाला टीपा आवडतात तर टायलर. आणि गेंजी गेल्यावरची उजी गावची दहा प्रकरणं सोडू नका, कारण तिथे तो अजिबात नाही आणि तरी सगळं तेच चालू आहे.

ओसाकाकर

उजीला गेंजीचं म्युझियम आहे, क्योतोहून लोकलने अर्ध्या तासात. नदीवरच्या पुलापाशी मुरासाकीचा पुतळा, लोक फोटो काढतात आणि हिरव्या चहाचं आइस्क्रीम खायला पळतात. उकिफुनेने याच नदीत जीव द्यायचं ठरवलं होतं.

पावशेर

ही उकिफुने वाचते ना शेवटी? वंशावळ पुन्हा काढायची का ते ठरवतो.

सुमनताई

वाचते रे. दोन पुरुषांच्या ओढाताणीतून सुटायला नदीकडे निघते, बेशुद्ध सापडते, एक भिक्षू आणि त्याची बहीण सांभाळतात. ती हट्टाने केस कापून घेते. त्या दोघांतल्या काओरूला पत्ता लागतो, तो तिच्या धाकट्या भावाच्या हाती पत्र पाठवतो, आणि ती म्हणते हे माझ्यासाठी नसणार, परत न्या. भावाला सुद्धा भेटत नाही.

पावशेर

आणि काओरू?

सुमनताई

त्याला वाटतं हिला दुसऱ्याच कुणीतरी पुरुषाने तिथे लपवून ठेवली असेल. तिथे पुस्तक संपलं.

मधली_सुट्टी

५४ प्रकरणं झाली आणि याला अजून हेच सुचतंय?? आणते टायलर.